आत्याची नणंद

"फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक मुलगा म्हणाला, 'हिच्या एकुलत्या एका भावाची बायको ही माझी आई.' तर ती बाई त्या मुलाची कोण? शालू, तू सांग."

तिसऱ्या बाकावरची शालू उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने वर छताकडे पाहिलं, जसं काही उत्तर पंख्याला लटकलं होतं.

"मावशी?"

शकूने डस्टर टेबलावर आपटलं. "आत्या! अगं, नात्यांची गणितं मनाने नाही सोडवायची, रेघांनी सोडवायची. पुरुष असेल तर अधिक, बाई असेल तर वजा. नवरा-बायकोत दोन आडव्या रेघा, आई-बापाकडून मुलाकडे एक उभी. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय आणि तू अजून मावशीतच."

"पण मॅडम, बाईच वजा का?"

"पेपर काढणाऱ्याला विचार."

वर्ग हसला. डोंबिवली पूर्वेच्या त्या दोन खोल्यांच्या क्लासात बँकेच्या आणि रेल्वेच्या भरतीची तयारी करून घेत. त्यात 'नातेसंबंध' हा धडा म्हणजे शकू मॅडमचा हातखंडा. दीर, जाऊ, साडू, व्याही, कितीही गुंता घाला, बाई तीन रेघांत तो सोडवून द्यायच्या. पोरं म्हणायची, मॅडमच्या डोक्यात नात्यांचं यंत्र आहे. यंत्र नव्हतं, डूख होता. आणि तो तेवीस वर्षांपूर्वी एका मांडवात बांधला गेला होता.

चौऱ्याहत्तर साली ठाण्याच्या कोपरीत, कोळ्यांच्या आळीत साट्यालोट्याची दोन लग्नं लागली. शकूचा भाऊ जगन, त्याला कोपर गावची शेवंती दिली. शेवंतीचा भाऊ कुंडलिक, त्याला शकू दिली. एकच मांडव, एकच वाजंत्री. म्हाताऱ्यांनी सांगितलं, साट्याचं लग्न पक्कं असतं, इकडची पोर तिकडे सुखी तर तिकडची पोर इकडे सुखी. यात न बोललेला दुसरा अर्धा भागही होता. इकडची पोर परत आली, तर तिकडचीही परत जायची.

चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून कुंडलिकने शकूला एका पिशवीसकट कोपरीत आणून सोडलं. काडीमोड नाही, पंचायत नाही. दोन महिन्यांत दुसरी आणली. शकूचा बाप दामाजी अंगणात उभा राहून ओरडला, "शेवंतीचं लुगडं-चोली बांधा! आत्ताच्या आत्ता कोपरला टाकून या!" शकूलाही तेच हवं होतं, उगाच खोटं कशाला बोला. तिला शेवंती तशीच पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिलेली बघायची होती. पण शेवंतीला सातवा महिना होता, आणि जगन दाराच्या चौकटीत हात टेकून उभा राहिला. "माझी बायको कुठं नाय जायची," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून शकू त्याच घरात, शेवंतीच्या हातचं खात राहिली. बाहेरून शिकली, बी.ए. झाली, स्वतः तीनदा भरतीच्या परीक्षेला बसली, वय उलटलं, मग क्लासात शिकवू लागली. शेवंती तिच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायची आणि हाक मारायची "वयनी". आळीतल्या साऱ्या सुना नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणत. शेवंतीलाही तेच शोभलं असतं. पण ती लग्नात जी 'वयनी' म्हणाली, ती भावाने बायको टाकली तरी 'वयनी'च म्हणत राहिली. त्या हाकेने शकूच्या अंगाची आग व्हायची. भावाने तोडलं आणि ही रोज उठून जोडते!

आणि आता याच शेवंतीने भीत भीत शब्द टाकला होता. "वयनी, भावाची पोर हाय ना, शालू. परीक्षेला बसते. नात्यांच्या गनितात अडकते बघ. तुझ्या क्लासात घेशील? भावाला नाय सांगितलं मी. तिला एवढंच बोलले, माझी ननंद शिकवते."

शकू "पाठव" म्हणाली. का म्हणाली ते तिलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

ते कळलं शालूने 'मावशी' सांगितलं त्या दिवशी, क्लास सुटल्यावर. शालू जिन्यात बरोबर उतरत होती, बडबडी पोर.

"मॅडम, माझं चुकतं ना, कारण आमच्याकडे नातीच नाहीत. एक आत्या, ती पण वर्षातून एकदा भाऊबीजेला येते. आम्ही इकडे बिल्डिंगमध्ये आल्यापासून तर गावचं पण कोण येत नाही. बाबांची पहिली बायको होती म्हणे, पण ती वारलेली, माझ्या जन्माच्या आधीच."

"कशाने वारली?" शकूचा हात कठड्यावर थांबला.

"काविळीने. बाबा तिचं नाव पण काढत नाहीत. दुःख झालं असेल ना?"

जिवंत माणसाला आपल्या मरणाचं कारण जिन्यात कळावं, याहून मोठी थट्टा नाही. टाकलं ते टाकलं, वर तेरावंही उरकून घेतलं मेल्याने! शकू घरी पोचेपर्यंत ओठ चावत होती.

चुलीशी बसलेल्या शेवंतीला तिने सरळ विचारलं, "मी काविळीने मेले, हे तुला ठाऊक होतं?"

शेवंतीच्या हातातला बोंबील पुन्हा टोपलीत पडला. "भावानी शपथ घातलेली वयनी. पोरीला कललं तर तुझं माहेर संपलं, बोल्ला. आय नाय, बा नाय मना. तेवढा एक उंबरा हाय." ती शकूच्या पायाशी आली. "नको सांगू पोरीला. मी हात जोडते."

"उठ. कालवण करपेल," शकू म्हणाली. हो म्हणाली नाही.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी क्लासात पालकांना बोलवायची पद्धत होती. पोरं फळ्यावर गणितं सोडवत आणि आई-बाप भिंतीशी खुर्च्या टाकून कौतुकाने बघत. कुंडलिक आला. पोट सुटलं होतं, केसांना कलप होता. फळ्याजवळ उभ्या असलेल्या चष्म्यातल्या बाईला त्याने दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. तो दाराकडे सरकला, पण दारात माणसं दाटली होती. आणि शालू हात हलवत होती, "बाबा, बसा ना!"

तो बसला.

शकूने खडू घेतला. अक्षर तिचं नेहमीच वळणदार. तिने लिहिलं,

'ज आणि स हे भाऊ-बहीण. क आणि व हे भाऊ-बहीण. ज-ची बायको व. क-ची बायको स. पुढे क-ने म-शी लग्न केलं. त्यांची मुलगी श. स जिवंत आहे. स-चा काडीमोड झालेला नाही. तर स ही श-ची कोण? (१) आत्याची नणंद (२) वडिलांची बायको (३) वरील दोन्ही (४) यापैकी नाही.'

"शालू, ये."

पोरगी उड्या मारत आली. आता तिला येत होतं, शकूनेच दोन-अडीच आठवडे घासून घेतलं होतं. अधिक, वजा, दोन आडव्या रेघा. "व ही श-ची आत्या," ती मोठ्याने बोलत होती. "व-चा नवरा ज, ज-ची बहीण स. म्हणजे स ही आत्याची नणंद. एक बरोबर." मग तिने क-पासून डावीकडे दोन रेघा ओढल्या आणि उजवीकडे दोन. "पण मॅडम, क-ला दोन बायका कशा? पहिली वारलेली पाहिजे ना?"

"नीट वाच. जिवंत आहे."

"आत्याची नणंद..." शालू पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. खडू फळ्यावर टेकलेला राहिला. तिने मॅडमकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप चपलांकडे बघत होता, आणि कपाळावरून घामाबरोबर कलपाचा काळा ओघळ उतरत होता.

शकूला तो ओघळ बघून काय वाटलं? आनंद झाला. चांगला भरपेट आनंद झाला. एकोणीस वर्षं जपलेला दगड नेमका बसला होता.

"उत्तर?" तिने विचारलं.

"तीन," शालू म्हणाली. "वरील दोन्ही." तिने हात ओढणीला पुसले आणि कोणाकडेच न बघता दारातल्या गर्दीतून निघून गेली.

परीक्षा झाल्यावर ती एकदाच क्लासात आली, नोट्सची वही परत करायला.

"नात्यांची सगळी बरोबर आली मॅडम," ती म्हणाली. "तुमचं भांडण बाबांशी होतं ना? मग फळ्यावर मला का उभं केलंत?"

शकूला कुठलाही गुंता तीन रेघांत सोडवता येई. या प्रश्नावर तिने वही घेऊन टेबलाच्या खणात टाकली. पोरगी जिना उतरून गेली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कोपरहून मासे विकायला येणारी हौसाबाई निरोप घेऊन आली. तिने तो अंगणातूनच सांगितला. "शेवंते, तुझा भाव बोल्ला, यंदापासून दारात पाय ठेवायचा नाय. तुला भाव मेला नि त्याला बहीन." शेवंतीने ऐकलं, पापलेटांचा वाटा घेतला आणि आत गेली. त्या दुपारीही मधला तुकडा शकूच्याच ताटात होता, आणि तिने तो ताटाच्या कडेला सारला.

मग भाऊबीज आली. दरवर्षी शेवंती पहाटे दोन तबकं मांडायची. एक शकूसाठी, जगनला ओवाळायला. दुसरं ती स्वतः फडक्यात बांधून भावाकडे न्यायची. या वर्षी ओट्यावर एकच तबक होतं. भावाकडे जाताना नेसायचं हिरवं लुगडं दांडीवर घडी घातलेलं तसंच होतं. साट्याची दुसरी पोर शेवटी माहेराला मुकली होती. एकोणीस वर्षांपूर्वी शकूला जे हवं होतं तेच झालं होतं, फक्त शेवंती उभी होती ती शकूच्याच घरात.

जगन पाटावर बसला. डोक्यावर टोपी घालून त्याने मान जराशी खाली केली. शेवंतीने निरांजन लावलं आणि तबक उचलून शकूपुढे धरलं.

"घ्या वन्सं," ती म्हणाली. "वात इझल. ओवाला तुमच्या भावाला."

शकूने तबक घेतलं. शेवंती पदराने हात पुसत मागे सरली आणि दाराच्या चौकटीला टेकून, नणंदेने भावाला ओवाळावं ते बघत राहिली.