प्रेमानंदचे दोन दिवसांचे केस

माझा प्रेमानंद खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. पोरगा सोन्यासारखा, पण तिशी ओलांडली न् डोक्यावर एक केस उरला नाही. तो हेल्मेटला दोष देतो. मी त्याच्या बापाच्या घराण्याला देते.

दोन मुलींनी पाहून नकार कळवला. एकीच्या आईनं मला फोनवर विचारलं, "पोराचं वय खरं सांगितलं ना?" तिला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण जिव्हारी लागलं.

म्हणून रामटेकच्या नत्थूजींचा निरोप आला, मुलगी पाहायला या, तेव्हा मी ठरवलं, यावेळी कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. नत्थूजींनी ना फोटो मागितला ना पत्रिका. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, आपल्या घराचं नाव पोचलं असेल तिथवर.

सीताबर्डीच्या एका दुकानात प्रेमानंदला नेऊन बसवलं. दुकानदारानं त्याच्या डोक्यावर दाट केसांचं टोपलं चिकटवलं. "दोन दिवस पाणी नाही, घाम नाही," म्हणाला. नागपुरात, मे महिन्यात, घाम नाही! मी पोराला दोन दिवस कूलरसमोरून उठू दिलं नाही.

"आई, मले हे बरं नाही वाटून राहिलं."

"तुले वाटून काय करायचं? पाहणारीले वाटलं पाहिजे."

रविवारी आम्ही दोघं रामटेकला गेलो. नत्थूजींची दामिनी पोहे घेऊन आली. ताठ चालणारी, नजर वर. मला आवडली. तिनं प्रेमानंदकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, जसं अजून कोणी यायचं आहे. बशा ठेवल्या न् आत निघून गेली.

प्रेमानंद माझ्या कानाशी वाकला. "आई, हीच व्हय! कुही गावच्या लग्नात हिनं माझ्या हातून तीनदा वरण घेतलं." त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत एकाही मुलीबद्दल तो आपणहून एक शब्द बोलला नव्हता.

इतक्यात नत्थूजी दुपट्ट्यानं मान पुसत बाहेर आले. "यमुताई, राग नका मानू. पोरगी म्हणते, हा तो नाही."

"तो म्हणजे कोणता?"

"कुहीच्या पंगतीत वाढत होता तो. आमच्या म्हाताऱ्या बाबांले दिसत नाही, तर त्यांच्यापुढं बसून भात कालवून देल्ला त्यानं. दामिनी म्हणते, तोच टकला पाहिजे. तुमचा मोठा पोरगा घरीच राहिला काय?"

आतून आवाज आला, "बाबा, त्यांले पोहे तरी खाऊ द्या, मग सांगा न!"

मला पोरगा एकच. खरं सांगावं तर मी लबाड ठरते. गप्प बसावं तर पोराच्या मनातली मुलगी इथंच सोडून बस पकडायची. बेचाळीस वर्षं मी तोंडाच्या जोरावर घर चालवलं, न् तिथं पोह्यांतले शेंगदाणे मोजत बसले. प्रेमानंद उठला न् चपला शोधू लागला. तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही.

"बस खाली," मी म्हटलं. "नत्थूजी, घरात खोबरेल आहे?"

तेलाची वाटी दामिनीच घेऊन आली.

"मोठा न् लहान हाच व्हय," मी सांगून टाकलं. "केस दुकानाचे, अक्कल माझी."

मी कडेनं तेल चोळलं. डिंक सुटेना. मी ओढलं. प्रेमानंदनं दात आवळले.

"काहून ओढून राहिल्या जी? दुखते न त्यांले!"

माझ्या घरात मला काहून म्हणायची कोणाची छाती नाही. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही.

"मग तूच काढ वं," मी म्हटलं न् वाटी तिच्या हातात दिली.

काही ठरायच्या आधी मुलीनं मुलाच्या डोक्याला हात लावलेला आमच्यात कोणी ऐकला नसेल. नत्थूजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. तिनं घाई केली नाही. कडेकडेनं तेल मुरवलं, टोपलं अलगद उचलून बाजूला ठेवलं न् पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"हां," ती म्हणाली, "हेच व्हय."

प्रेमानंद हसत होता, खुळ्यासारखा. मी पोह्यांची बशी ओढली. मीठ कमी होतं. पण ते लग्न झाल्यावर सांगायचं ठरवलं.