जावईबापूंच्या तळव्यावरचा डाग

मागच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही लेक मोनिका आणि जावई रविराज यांना महाळुंग्याला जेवायला बोलावलं. या महिन्यात जावयाचे पाय धुवायची आमची रीत. रविराज चाकणला कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. पाटावर बसले आणि लाजून पाय आखडून घेऊ लागले.

आमचे मालक पाणी ओतत होते, मी धूत होते. उजव्या टाचेखाली काळं लागलेलं दिसलं. अंगठ्यानं घासलं, निघेना.

"मामी, ऑइल आहे ते. सोडा."

"आवं पाहुणं, बुटाच्या आत ऑइल कसं जाईल?"

"मग कुरूप असेल. आमच्या लाइनवर सगळ्यांनाच आहे."

मालक हसले. "अगं, पाय हाय त्यो. तवा न्हाई."

पण कुरूप हाताला टणक लागतं. हे सपाट होतं. कडा वेड्यावाकड्या, कुठे काळा रंग, कुठे तपकिरी. मोनिका वाकून बघू लागली आणि तिचं हसू गेलं.

"पाडव्याला तिळाएवढं होतं हे. दुखतं का हो?"

"दुखलं असतं तर दाखवलं नसतं का?"

दुखत नसलं तरी डॉक्टरला दाखवाच, म्हणून मी हटून बसले. सोमवारी शिफ्ट बुडवून ती दोघं मला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. तो मेलानोमा निघाला, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

"सावळ्या माणसाला पण होतो?" मी विचारलं.

"होतो ना, आजी. आपल्याकडे बऱ्याचदा तळव्यावर, नाहीतर नखाखाली. तिथं कोण बघतंय? डाग नवा असेल, पसरत असेल, रंग बदलत असेल, तर दुखायची वाट बघायची नाही."

ऑपरेशन झालं. मांडीची कातडी टाचेला लावली. आजार जांघेतल्या गाठींपर्यंत गेलाय का, हे कळायचं बाकी होतं.

तपासणीत गाठी साफ निघाल्या, आजार तिथवर पोचला नव्हता. "वेळेत आलात," बाई म्हणाल्या. "पण तपासणी चुकवायची नाही."

बाहेर पायरीवर बसून मोनिका हुंदके देऊन रडली.

"अगं, चांगलं झालंय," जावई म्हणाले.

"म्हणून तर रडतेय!"

मी देवाला हात जोडले, त्या बाईंना जोडले. आणि जावयाला मनातल्या मनात जोडले. कंपनीतला तरणाताठा माणूस, सासूचं बोलणं हसण्यावारी नेलं असतं तर मी काय करणार होते? त्यांनी ऐकलं. माझ्या लेकीचा संसार राहिला.