थेंबबाईंचा निबंध

प्रयोगशाळेतल्या मामांनी द्रव नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उचललं तशी पांढरी वाफ काठावरून खाली सांडली आणि बाई सवयीने अर्धं पाऊल मागे सरकल्या. मामा त्या टाकीची राखण करत होते त्याला तेवीस वर्षं झाली होती. कुठल्या खणात कुठली डबी हे ते यादी न बघता सांगत, आणि यादी बघणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. जाड हातमोज्याने त्यांनी तिसऱ्या खणातली डबी वर काढली आणि गोठवलेल्या पेशींची करंगळीएवढी एक नळी बाईंच्या हातातल्या बर्फात खोचली. नळीवर बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'लाळग्रंथी ४'.

"सहा होत्या, आता पाच," मामा म्हणाले. "कोणाला हव्यात?"

दूरच्या एका विद्यापीठातल्या मुलीने मागितल्या होत्या. तिने पत्रात लिहिलं होतं की तुमचा शोधनिबंध वाचून तोच प्रयोग आठ महिने करते आहे, पण जमत नाही. चूक माझीच असणार, तरी मूळ पेशी मिळाल्या तर उपकार होतील. अशी पत्रं बाईंना वर्षाकाठी एकदोन येत. बाई ती जपून ठेवत, कारण कौतुकाचे शब्द त्यांच्या वाट्याला तेवढेच यायचे.

तो निबंध एकोणीस वर्षांपूर्वीचा. एका पेशंटच्या लाळग्रंथीच्या गाठीतून काढलेल्या पेशी बाईंनी बशीत वाढवल्या, जिवंत ठेवल्या, आणि त्यांतलं एक जनुक बंद केलं की पेशींची वाढ थांबते असं दाखवलं. तशा पेशी तेव्हा फारशा कुणाकडे नव्हत्या. त्यामुळे त्या विषयावर लिहायला बसलेला प्रत्येक जण बाईंच्या निबंधाचा हवाला देऊन पुढे जाई. प्रत्येक हवाला म्हणजे एक सायटेशन. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसे अकराशे अठरा साचले होते. बाईंच्या बाकीच्या सव्वीस निबंधांचे मिळून चारशे बावीस. एकूण पंधराशे चाळीस.

हा आकडा बाईंना तोंडपाठ असण्याचं कारण होतं. प्राध्यापकपदासाठी दीड हजारांची अट होती. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा निबंधच कमी पडले, दुसऱ्यांदा सायटेशनं साठने कमी भरली. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना आता कुठे आकडा ओलांडला होता. वीस तारखेला समिती बसणार होती. दारावरच्या पाटीत एका शब्दाचा फरक पडणार होता, आणि त्या एका शब्दासाठी बाईंचा जीव अकरा वर्षं टांगणीला लागला होता.

पेशी बाहेर पाठवायच्या तर आता ओळखपत्र लागतं. माणसाला पारपत्र लागतं तसंच. पेशींच्या डीएनएची तपासणी करून त्या खरोखर कुणाच्या आहेत याचा दाखला जोडावा लागतो. एकोणीस वर्षांपूर्वी ही भानगड नव्हती. नळीवर लिहिलंय तेच नळीत आहे असं सगळेच धरून चालत. बाईंनी नमुना तपासणीला दिला आणि पदाचा अर्ज भरायला घेतला.

आठव्या दिवशी दाखला आला. नळीतल्या पेशी लाळग्रंथीच्या नव्हत्या. त्या गर्भाशयाच्या मुखाच्या होत्या. जगातल्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत असतात आणि कशातही वाढतात त्या दांडग्या पेशी. बाईंच्या शेजारच्याच बाकावर त्या तेव्हा विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवलेल्या असत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. बाईंनी मामांकडून सगळ्यांत जुनी, नवव्या आठवड्यातली नळी काढून घेतली आणि तीही तपासली. उत्तर तेच आलं.

मग त्यांनी कपाटातून त्या वर्षाची वही काढली. फार शोधावं लागलं नाही. पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, त्यांनीच लिहिलं होतं: 'माध्यम संपत आलेले. दोन्ही पेशींना एकाच बाटलीतून दिले.' पेशींना वाढायला जे लालसर पाणी लागतं ते माध्यम. त्या काळी मागवलं की महिनोन्महिने येत नसे. बाई ते थेंबाथेंबाने पुरवून वापरत, बशीत सोडायच्या नळीच्या टोकाला राहिलेला थेंबही परत बाटलीत सोडत. सगळा मजला त्यांना पाठीमागे थेंबबाई म्हणायचा आणि ते त्यांना ठाऊक होतं. मनातून थोडं आवडायचंही.

त्यांतला एक थेंब त्या दांडग्या पेशी घेऊन बाटलीत गेला असणार, आणि बाटलीतून बशीत. पोटभाडेकरूने घर बळकावावं तशी त्यांनी बशी बळकावली. सातव्या आठवड्याच्या पानावर लिहिलेलं होतं: 'पेशी अखेर रुळल्या!' सबंध वहीत उद्गारचिन्ह तेवढं एकच. त्या दिवशी बाईंनी सगळ्या मजल्याला चहा पाजला होता.

जिच्या गाठीतून पेशी घेतल्या ती पेशंट तेव्हा दोन महिन्यांतच गेली. ती गेली तरी तिचं काहीतरी आपल्या टाकीत जिवंत आहे, असं बाई एकोणीस वर्षं स्वतःशी म्हणत आल्या होत्या. ते तिच्याही आधी गेलं होतं, आणि कुणाला कळलंसुद्धा नव्हतं. बाईंना याचं फार वाईट वाटलं, अकराशे अठराच्या आकड्याहूनही जास्त. पण आकड्याचंही वाटलंच. नाही म्हणणं खोटं ठरेल.

निबंधावर दुसरं नाव संस्थेच्या संचालकांचं होतं. तेव्हा ते बाईंचे विद्यार्थी होते. आता त्यांच्या खोलीबाहेर बाईंना दहा मिनिटं थांबावं लागलं. त्यांनी दोन्ही दाखले शांतपणे वाचले, उठून दार लावलं आणि विचारलं की हे आणखी कुणाला माहीत आहे. मामांना नळ्या कमी झाल्याचं माहीत आहे, कारण नाही, असं बाईंनी सांगितलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम," ते म्हणाले. "लपवा म्हणत नाही मी. फक्त वीस तारीख जाऊ द्या. मग सावकाश कळवू."

"वीस तारखेला ते मला विचारणार, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं. मी काय सांगू?"

"आजवर सांगत आलात तेच."

ते वाईट माणूस नव्हते. बाईंना प्राध्यापक झालेलं बघायची त्यांना मनापासून इच्छा होती, आणि स्वतःच्या खुर्चीचा एक पायही याच निबंधावर टेकलेला आहे हे ते विसरले नव्हते. शेवटी त्यांनी सांगितलं की मी तुम्हाला अडवणार नाही, पण निबंध मागे घेण्याच्या कागदावर माझी सही मागू नका. बाईंना राग आला. त्यांनी तो गिळला, कारण ती तीन आठवड्यांची सवलत त्यांच्याही मनात आदल्या दिवशी येऊन गेली होती.

घरी नवरा शब्दकोडं सोडवत बसला होता. निवृत्तीनंतर त्याने जगातल्या सगळ्या गोष्टी आडव्या-उभ्या चौकटींत बसवायला घेतल्या होत्या. बाईंच्या एच-इंडेक्सबद्दल, म्हणजे निबंध आणि सायटेशनं मिळून ठरणाऱ्या आकड्याबद्दल, तो नेहमी विचारायचा की हा उपाशीपोटी मोजायचा की जेवल्यावर. बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा मात्र त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"अकराशे लोकांनी वाचलं आणि एकालाही कळलं नाही?"

"वाचत नाहीत. नुसता हवाला देतात."

"मग चुकलं म्हणून सांगितलंस, तर ते तरी कोण वाचणार आहे?"

बाईंनी पर्समधून त्या मुलीच्या पत्राची छापील प्रत काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. 'चूक माझीच असणार' या ओळीवर त्याचं बोट बराच वेळ राहिलं. मग चहा टाकू का, असं विचारून तो उठला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन पत्रं लिहिली. त्या मुलीला चारच ओळी लिहिल्या. त्यांतली पहिली अशी होती की चूक तुमची नव्हती, माझी होती. दुसरं पत्र नियतकालिकाच्या संपादकांना. त्यांचा मसुदा उलट आला तो गुळगुळीत होऊन: 'पेशींच्या ओळखीबाबत शंका निर्माण झाल्याने' निबंध मागे घेण्यात येत आहे. बाईंनी तो परत पाठवला. शंका निर्माण झालेली नाही, मी एकाच बाटलीतून दोन्ही पेशींना माध्यम दिलं, हे वाक्य राहिलंच पाहिजे असं त्यांनी कळवलं. चार वेळा ये-जा झाली. वाक्य राहिलं. खाली बारीक अक्षरात छापलं गेलं की दुसऱ्या लेखकाकडून उत्तर आले नाही.

समितीच्या अर्जात त्यांनी पंधराशे चाळीस खोडून चारशे बावीस लिहिलं. मुलाखत अकरा मिनिटं चालली. समितीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली, तेव्हाच बाईंना निकाल कळला. दारावरची पाटी होती तशीच राहिली.

उरलेल्या चार नळ्यांचं काय करायचं, असं मामांनी विचारलं. टाकून द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. तेवीस वर्षांत त्यांनी बाईंच्या हुकुमावरून खूप काही टाकलं होतं, हे मात्र जमेना. बाईंनी नळ्यांवर नवी चिठ्ठी डकवली, खऱ्या नावाची, आणि त्या विद्यार्थ्यांच्या खणात ठेवायला सांगितल्या. जुन्या चिठ्ठ्या त्यांनी वहीच्या पाचव्या आठवड्याच्या पानात ठेवल्या.

उरलेले महिने कामात गेले. निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यात, खण रिकामे करता करता, बाईंनी सहज संगणकावर स्वतःचं पान उघडलं. मागे घेतलेल्या निबंधाची सायटेशनं अकराशे त्रेसष्ट झाली होती. मागे घेतल्यावरही पंचेचाळीस जणांनी बेलाशक हवाला दिला होता. नवऱ्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. बाईंना हसू आलं.

निबंध मागे घेतल्याची सूचना त्या यादीत वेगळी दिसत होती, अगदी तळाला. तिच्यापुढे आकडा होता, एक.

बाईंनी त्या एकावर बोट दाबलं. त्या मुलीचा निबंध होता, तिचा पहिलाच. बाईंनी शेवटी दिलेली संदर्भांची यादी पाहिली. त्यांची सूचना सतराव्या क्रमांकावर होती. मग हा सतरा मजकुरात कुठे आलाय ते शोधत त्या पानं चाळू लागल्या. प्रस्तावनेत नव्हता, निष्कर्षात नव्हता. कामाची पद्धत सांगितली होती तिथे, कुणीही ओलांडून जाईल अशा जागी, एक ओळ होती: 'प्रत्येक पेशीला स्वतंत्र बाटलीतून माध्यम दिले.' आणि ओळीच्या टोकाला बारीक सतरा.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि संगणक बंद केला. पेशींना माध्यम द्यायची वेळ झाली होती. मामांनी फ्रीजमधून एक बाटली काढून बाकावर ठेवली होती. बशा दोनच होत्या आणि बाटली भरलेली होती.

"एकीत भागेल की हो बाई," मामा म्हणाले. "आता शेवटचे चार दिवस."

"दुसरी पण काढा," बाई म्हणाल्या, आणि पेन घेऊन पहिल्या बाटलीवर नाव लिहू लागल्या.