गजांपलीकडची खोली

"चोर काय तुमच्याकडे आतल्या खोलीतून येतात?" घर बघायला आलेल्या इंजिनिअरने पडदा बोटभर सरकवून विचारलं.

बाबा हसले. ते हसू मला पाठ आहे. थाप मारण्याआधी ते दात दाखवतात.

प्रकार असा, की आमच्या हॉलच्या खिडकीला लोखंडी गज आहेत आणि गजांपलीकडे आभाळ नाही, आत्या आहे. पूर्वी तिथे गॅलरी होती. आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा बाबांनी परवानगी-बिरवानगी न काढता गॅलरीला भिंत घातली, वर हातभर झरोका ठेवला आणि तिला खोली म्हणायला लागले. हॉलची खिडकी बुजवायची मात्र राहिली. केवढी ती हुशारी! आता घर विकायचं, म्हणून त्या गजांवर फुलाफुलांचा पडदा.

आत्या दवाखान्यात एक्स-रे काढते. "श्वास धरा, हलू नका," असं दिवसभर लोकांना सांगते. आज बाबांनी तिलाच तसं बसवलं होतं.

"नकाशातलीच खोली आहे," बाबा म्हणाले. "हवा खेळावी म्हणून खिडकी."

"आत कोण राहतं?"

"छे हो, अडगळ आहे."

अडगळ! बाबांच्या टायफॉइडात त्यांच्या उशाशी जागलेली अडगळ. मी तोंड उघडणार, तोच गजांतून आवाज आला.

"साहेब, गॅलरी आहे ही. भिंत माझ्यासाठी घातलीय, विनापरवाना."

"ताई, अगं गप्प बैस ना! भिंत पाडायला लावतील. मग राहशील कुठे?"

"नव्या घरात कुठे ठेवणार होतास, बाळ्या?"

बाबा पंख्याकडे बघायला लागले. "हॉलमध्ये... तात्पुरतं."

"हेही तात्पुरतंच होतं. दवाखान्यामागे खोली बघितलीय मी."

इंजिनिअरने सांगितलं, गॅलरी पूर्ववत करा, मग पुढचं बोलू.

रविवारी गवंडी आला. "टाइल्स सांभाळ रे!" बाबा ओरडत होते, बहिणीला सांभाळायचं कुणाला सुचलं नाही. दुपारपर्यंत भिंत उतरली. आत्याने खुर्चीवरची धूळ पुसली आणि न्हालेले केस मोकळे सोडून उन्हात बसली. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी हात केला.

"नवीन राहायला आलात का?"

"नाही," आत्या केसांतून कंगवा फिरवत म्हणाली, "निघालेय."