नाना, ओके म्हणू नका

"यंत्राच्या पोटात गेलेली गोष्ट त्रिभुवनात हरवत नाही," असं धनसिंगनाना दीपनगरच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं सांगत आले. निवृत्तीनंतर भुसावळच्या घरीही सांगत राहिले. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कॉम्प्युटरने त्यांना कळवलं, की हार्ड डिस्क नावाची कुठलीही वस्तू त्याच्या माहितीत नाही.

नानांनी वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर सी होतं, डी होतं, आणि मुळाक्षरं तिथेच संपत होती. डिस्कचा निळा दिवा लागे, विझे. आतून टक्... टक्... आवाज येई, बंद घरात आतून कुणी दार ठोठावावं तसा.

मागे त्यांच्या पत्नी यशोदाबाई बसल्या होत्या. मांडीवर पाटी, हातात पेन्सिल. भाद्रपदात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी आठवडाभर नानांनी त्यांचा आवाज मोबाईलवर भरून घेतला होता. कानबाईच्या सणाची गाणी, नातवंडांना मारलेल्या हाका, नानांवरचा ओरडा, जे मिळेल ते. ते सगळं या डिस्कमध्ये होतं. ऑपरेशननंतर बाईंनी ते एकदाही ऐकलं नव्हतं. कालच पाटीवर लिहिलं होतं, 'उद्या ऐकू.'

आता पाटीवर आलं, 'मोबाईलमा शे ना?'

"मोबाईल भरला होता," नाना पडद्याकडे बघत म्हणाले. "तिथलं पुसलं."

यशोदाबाईंनी पाटीही पुसली.

नानांनी जळगावला संघपालला फोन लावला. वीजकेंद्रातल्या त्यांच्या जोडीदाराचा, वाल्मीकचा हा मुलगा. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो सांगेल तसं करत नाना डिस्कांच्या यादीत पोचले. तिथे एक अनोळखी डिस्क दिसली, आणि कॉम्प्युटरने नम्रपणे विचारलं, हिला वापरासाठी तयार करू का?

"विचारतोय बिचारा," नाना म्हणाले आणि बोट बटणाकडे नेलं.

"नाना, थांबा! कशालाही ओके म्हणू नका! तयार करायची म्हणजे कोरी करायची. आतलं सगळं जाईल."

नानांनी बोट उचललं. यशोदाबाईंनी कोरी पाटी उलटी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी टाकीची मोटर लावली, आंघोळ उरकली, डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि दोघं एसटीने जळगावला निघाले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला नाना टॉवेल वर उचलत होते.

संघपालने भिंगातून वायरीचं भोक पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाना, हिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं का?"

"दसरा होता रे. केंद्रात आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करायचो. टर्बाइनलासुद्धा कुंकू लावायचो."

"टर्बाइनला कळतही नाही नाना, तिला काय फरक पडतो! हिच्या भोकात गच्च बसलंय. वर पाणी शिंपडलं?"

"फुलानं. पाच वेळा."

"पाच?"

"हिच्यात ती होती ना रे," नाना म्हणाले.

संघपाल हसायचा थांबला. "पाणी नुसतं बाहेरच्या जोडणीत गेलं असेल तर आवाज आहे. आत उतरलं असेल, तर नाही. उघडल्याशिवाय सांगता येत नाही."

त्याने कव्हर काढलं. जोडणी लाल आणि हिरवी झाली होती. ती बाजूला करून त्याने आतली डिस्क सरळ आपल्या कॉम्प्युटरला लावली.

टक्... टक्... टक्...

यशोदाबाईंचा हात पदराखाली, गळ्याला श्वासासाठी पाडलेल्या भोकाशी गेला. टक्टक थांबली. मग काहीच ऐकू येईना.

"गेली?" नानांनी विचारलं.

संघपालने नुसतं पडद्याकडे बोट केलं. मुळाक्षरांत एक अक्षर वाढलं होतं. त्याने पहिलीच फाईल उघडली. थोडी खरखर झाली, आणि मग दुकानभर यशोदाबाईंचा खणखणीत आवाज घुमला,

"आहो, बठ्ठं पाणी वाही राहिनं! पहिले ती मोटर बंद करा ना!"

नाना ताडकन उठले. बटण शोधत भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच थिजले.

यशोदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी पेन्सिल भराभर चालत होती. त्यांनी पाटी नानांपुढे धरली.

'शेजारच्या कमलबाईले फोन लावा. आपली चालूच शे.'