सहा वर्षे खिळ्यावर

‘साक्ष’ या शब्दात डोळा दडलेला आहे. अक्ष म्हणजे डोळा; ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो साक्षी. बोलणे त्यानंतरचे. हा शब्द हल्ली माझ्या नावाला जोडला जातो आणि तो कानी पडला की मला तोंड लपवावेसे वाटते. मी एक जाळी आहे. पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी बसवायची, लोखंडी गजांची.

मला एका वेल्डरने घडवले. एकेक गज जोडला की तो मधल्या फटीत आपली करंगळी घालून पाहायचा आणि ती अडली की समाधानाने हुंकारायचा. चार बोल्टांनी मला प्रेसवर बसवून तो म्हणाला, “पत्रा जाईल, बोट जाणार नाही.” याहून वेगळे काम मला नव्हते.

तिथे मी जेमतेम महिनाभर टिकले. माझ्या फटीतून पत्रा सरकवायला अंमळ वेळ लागे.

“हिला काढा आधी,” मुकादम म्हणाला, “हिच्या नखऱ्यांत संध्याकाळची गाडी रिकामी जाईल.”

मग मी समोरच्या भिंतीवर, एका खिळ्याला.

तिथे मला वाईट वाटले असते, तर आज सांगताना मान थोडी वर राहिली असती. पण मी रमले. प्रेसवरचा कामगार सुटीचा भोंगा झाला की केस विंचरल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. सारे त्याला नवरदेव म्हणत. त्याने वीतभर आरसा तारेने माझ्यावर घट्ट बांधला. रोज संध्याकाळी माझ्यापुढे रांग लागू लागली.

“नवरदेवा, आटप की! आरशालाच लाज वाटायला लागली,” सुटे भाग जुळवणारी आक्का ओरडायची.

“रांगेत या, आक्का. तुमचाही नंबर लागेल.”

सगळे हसत आणि मी मिरवत असे. समोर प्रेसचे तोंड उघडे होते, हे मला दिसत होते.

सहा वर्षांनी, एका दुपारी, पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला नवरदेवाने उजवा हात आत घातला आणि प्रेस खाली आली. तीन बोटे गेली. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

त्याला दवाखान्यात नेणारी गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मुकादमाने मला खिळ्यावरून उतरवले. आरसा ओरबाडून भंगारात फेकला, मला पुसले आणि प्रेसवर बसवले. चारही बोल्ट आवळले.

कामावर इजा झाली तर भरपाई हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. पण संरक्षक जाळी त्यानेच जाणूनबुजून काढली असे ठरले, तर त्या हक्कावर गदा येऊ शकते. मुकादमाला एवढा कायदा बरोबर ठाऊक होता.

“यानेच सकाळी काढली, साहेब. आम्ही नंतर परत बसवली,” त्याने चौकशीला आलेल्या तपासनिसांना सांगितले.

हाताला पट्टी बांधलेला नवरदेव समोर उभा होता. “काढायला ती इथे होती कुठे, साहेब? भिंतीवर होती. आम्ही तिच्यात भांग पाडायचो.”

“ऐकलंत? जाळीत तोंड बघायचा म्हणे!” मुकादम हसला. उरलेले कामगार जमिनीकडे पाहत राहिले. मीही जागच्या जागी घट्ट उभी राहून त्याच्या खोट्याला खरेपणा देत होते.

तेव्हा आक्का पुढे आली. तिने डब्याच्या पिशवीतून भंगारात सापडलेला आरसा काढला आणि माझ्यावर धरला. त्याच्या तारेचे तुटके टोक माझ्या गजाला गुंडाळलेल्या तुकड्याशी नेमके जुळले. मग तिने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. काजळलेल्या भिंतीवर, खिळ्याखाली, माझ्या आकाराचा स्वच्छ चौकोन उमटला होता.

“सहा वर्षं तिथेच होती, साहेब. मी रोज बघत होते. मुकादमांनीच काढायला लावली.”

“आक्का,” मुकादम हळूच म्हणाला, “उद्या कामावर यायचंय ना?”

“यायचंय. दहाही बोटं घेऊन यायचंय.”

नवरदेवाचा हक्क मान्य झाला. आक्काला मात्र पुढच्या आठवड्यापासून कामावर घेतले नाही. मी अजून प्रेसवर आहे. नवरदेव एकदा कागदांसाठी आला होता. केस डाव्या हाताने विंचरलेले, भांग वाकडा. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

आता नव्या कामगारांना हा प्रसंग सांगताना म्हणतात, “शेवटी जाळीनेच साक्ष दिली.” हे चूक आहे. मी सगळे पाहिले आणि खोट्याच्या बाजूने उभी राहिले. साक्ष आक्काने दिली, आणि तिचे टेबल अजून रिकामे आहे. सांगायचेच असेल तर तिचे सांगा. मला फक्त इथून काढू नका.