चामड्याची मूठ

“ढिली पडलालीय बघ. ओढ अजून.”

त्रिवेणीने चामड्याच्या ओल्या पट्टीला आणखी एक ताण दिला. गोल्फची काठी तिने दोन्ही गुडघ्यांत आडवी धरली होती. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला नुसता टेकायला हवा होता. वर चढला तर तळव्याला टोचतो, दूर राहिला तर फट पडते. समोरच्या खुर्चीत तिचे यजमान, नामदेवराव, शाल पांघरून बसले होते. हात शालीच्या आत होते.

“आता?”

“आता ठीक. घाई नक्को करू.”

नामदेवराव मूळचे उदगीरकडचे, पण जन्म हैदराबादचा. सगळी नोकरी त्यांनी गोल्फच्या मैदानावर, सभासदांच्या काठ्या ठेवायच्या खोलीत काढली. कोमट साबणपाण्याने चिखल धुवायचा, लोखंडी पात्यावरच्या खाचा जुन्या ब्रशने साफ करायच्या, लाकडी डोक्याच्या काठीला पाण्यात कधी बुडवायचं नाही, नुसतं ओलं फडकं फिरवायचं. मुठीवरचं रबर कडक होऊन चमकायला लागलं की कापून नवं चढवायचं. निवृत्त झाल्यावरही लोक काठ्या नल्लकुंट्याला घरी पाठवत राहिले. “नामदेवच्या हातचं काम” असं म्हणत.

मग त्या हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण कंप पुरता थांबला नाही. त्रिवेणी आधी नुसती काठी धरून बसायची. नवं रबर चढवताना आत थिनर ओततात आणि ते वाळायच्या आत एका दमात रबर खाली ढकलावं लागतं. मध्ये थांबलं तर तिथेच चिकटून बसतं. एका दुपारी त्यांचं रबर असं अर्ध्यावर अडकलं. त्यांनी जोर लावला, पुन्हा लावला, आणि मग काठी मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. त्रिवेणीने ते कापून काढलं आणि दुसरं स्वतः चढवलं.

तेव्हापासून काम ती करायची. फाटक वाजलं की हात धुऊन आत जायची आणि तयार काठी त्यांच्या मांडीवर असायची. “लोकांना कळू नये,” एवढंच ते एकदा म्हणाले होते. तिने मानलं. घर त्याच कामावर चाललं होतं हे खरंच. पण लोक ‘नामदेवच्या हातचं’ म्हणत तेव्हा त्यांची मान जराशी ताठ व्हायची, आणि ती तशी राहावी असं तिला वाटायचं.

आज गुडघ्यांत होती ती काठी आबासाहेबांची. आबासाहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, नामदेवरावांचे मैदानावरचे सगळ्यांत जुने साहेब. स्वतः काठी घेऊन आले होते. “रविवारी आम्हा म्हाताऱ्यांचा खेळ ठेवलाय, जुन्याच काठ्या आणायच्या. हिची मूठ झिजलीय, हातात फिरते बघ. दुकानवाला म्हणाला रबर चढवतो. मला चामडंच पाहिजे, आणि तुझ्याच हातचं.”

“देतो की साहेब,” नामदेवराव शालीतूनच म्हणाले होते.

चामड्याची मूठ त्रिवेणीने कधी बांधली नव्हती. अफझलगंजच्या एका गल्लीतून तिने बकऱ्याचं मऊ चामडं आणलं. बांधायची, ते “उकल” म्हणायचे, ती उकलायची. आज मात्र शेवटचा वेढा बसला, मेण लावलेल्या दोऱ्याने तिने खालचं टोक बांधलं, एरंडेलाचं बोट फिरवलं. तेवढ्यात फाटक वाजलं. काठी त्यांच्या मांडीवर ठेवून ती पडद्याआड गेली.

“एक दिवस आधीच आलो रे,” आबासाहेबांचा आवाज आला. “झालीय का?”

“हौ साहेब. बघा.”

पडद्याच्या फटीतून तिला दिसलं, आबासाहेबांनी काठी दोन्ही हातांत धरली होती आणि अंगठा वरखाली फिरवत होते. मग ते हसायला लागले.

“नामदेव, तुला कधी बोललो नाही. तू बांधलेली मूठ खाली जाता जाता जाड व्हायची. ही बघ कशी बारीक होत उतरत गेलीय! म्हातारपणी हात सुधारला की रे तुझा!”

हौ म्हणा, नुसतं हौ म्हणा, त्रिवेणी पडद्याआड मनात म्हणत होती.

“त्रिवेणी,” नामदेवरावांनी हाक मारली. “बाहेर ये.”

ती दारात येऊन उभी राहिली.

“ही तिनं बांधलीय साहेब. माझ्याच्यानं होत नाही आता.” त्यांनी शालीतून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. उजवा हात ठेवल्या जागी हलत राहिला.

आबासाहेब त्या हाताकडे बघत राहिले. “कधीपासून?”

“लई दिवस झाले.”

“म्हणजे मागच्या वेळच्या माझ्या लोखंडी काठ्या?”

“तिच्याच हातच्या.”

“आणि मी सगळ्यांना सांगत सुटलोय, नामदेव अजून...” ते थांबले.

“कसं करायचं ते हेच सांगतात साहेब,” त्रिवेणी घाईने म्हणाली. “मी नुसते हात चालवते.”

“रबराचं मी सांगितलं,” नामदेवराव म्हणाले. “हे चामडं बसवताना तिनं माझं ऐकलं नाही. खालच्या अंगाला चामड्याखालचं अस्तर कमी घातलं. मी नको म्हणत होतो.”

“पण माझ्यापासून कशाला लपवलंस?”

“तुम्ही ‘तुझ्याच हातचं’ म्हणला साहेब.”

आबासाहेबांनी हातातल्या मुठीकडे पाहिलं. मग त्रिवेणीकडे वळून विचारलं, “बाई, दव लागलं तर काय करू हिला?”

“कोरड्या फडक्यानं पुसा. उन्हात नका ठेवू, चामडं तडकतं. मधूनमधून आणून द्या, तेल लावून देईन.”

“बरं. रविवारी गाडी पाठवतो. दोघं या.”

“मी कशाला?”

“मैदान पाहिलंय कधी?”

तिने पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर ती नवऱ्यावर चिडली. “कामून सांगितलं? हौ म्हणून मोकळं व्हायचं होतं!”

“म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं.” ते बाहेर रस्त्याकडे बघत होते. “ते तुझी तारीफ करलालते आन् मी बसून ऐकलालतो. बरं वाटंना.”

दुसऱ्या दिवशी हर्षद नावाच्या सभासदाचा ड्रायव्हर आला आणि साफ करायला दिलेला सगळा संच तसाच परत घेऊन गेला. साहेबांना घाई आहे म्हणाला; पण आता काम कोण करतं हे मैदानावर कळलं होतं. फाटक लावायला नामदेवराव स्वतः उठले. कडी बसेना, तरी बराच वेळ तिथेच उभे होते. त्रिवेणी पायरीपर्यंत गेली आणि मागे फिरली.

रविवारी सकाळी दोघं मैदानावर उतरली. गवतावर दव होतं. पलीकडे कुठेतरी टिटवी ओरडत होती. इतकी मोकळी जागा शहरात आहे आणि आपला नवरा जन्मभर रोज इथे येत होता, हे त्रिवेणीला खरं वाटेना. तिच्या डोक्यात ती काठ्यांची खोलीच होती, थिनरच्या वासाची. ती खोली आता राहिलीही नव्हती. तिथे काचेचं काउंटर होतं आणि मागे कॉम्प्युटरवर एक मुलगी बसली होती. नामदेवराव तिथे क्षणभर थांबले. “इथं होती,” म्हणाले आणि पुढे निघाले.

आबासाहेबांची पाळी आली. त्यांनी लाकडी डोक्याची काठी हातात घेतली, नव्या चामड्यावर बोटं एकेक करून बसवली, पाय सरकवले. बाजूला पाच-सहा म्हातारे सभासद गप्प उभे होते. काठी फिरली, लाकडाचा टणक आवाज झाला. चेंडू फार वर गेला नाही, जरा उजवीकडे वळला. कोणीतरी “वा, आबासाहेब” म्हणालं.

त्रिवेणीला काहीच दिसलं नव्हतं. “कुठं गेला?”

नामदेवरावांनी शालीतून हात काढला आणि लांब करून दाखवला. बोट एका जागी ठरत नव्हतं. कडुनिंबावरून वाळूच्या खड्ड्यावर जायचं, पुन्हा कडुनिंबाकडे यायचं. सभासद बघत होते. तरी नामदेवरावांनी हात खाली घेतला नाही. त्रिवेणी त्यांच्या खांद्याला लागून उभी राहिली, डोळे बारीक करून त्या बोटामागे गवतात शोधत राहिली.

“दिसला?”

“थांबा,” ती म्हणाली. आणि मग, “हौ. दिसला.”